फाटकाची वेळ

साबरी : हलवू नकोस ते फाटक. कुलूप दिसत नाही का? तारेला धक्का लागला की तिकडे घंटा वाजते आणि सैनिकांची जीप येते. फाटक उघडायला कधी वेळेवर येणार नाहीत, हात लावलास तर मात्र धावत येतील.

वहीद : पण बाबा, सहाला अजून पंधरा मिनिटं आहेत. सहाला उघडतं ना? आपण लवकर आलोय.

साबरी : लवकर? मग ही चाकांची खूण कुणाची? जीप येऊन गेलीय. आणि ही गाढवाची लीद बघ, अजून ओली आहे. माणसं आत गेलीत, वहीद.

वहीद : असं कसं होईल?

साबरी : फोनमध्ये किती वाजलेत?

वहीद : पावणेसहा.

साबरी : तुझा फोन तर इथे आलं की त्यांच्या टॉवरची वेळ दाखवतो.

वहीद : ते मी बंद केलंय. हातानं लावलीय. आपली वेळ.

साबरी : आपली म्हणजे?

वहीद : काल रात्री आपल्या सरकारनं घड्याळं एक तास मागे घेतली. हिवाळ्याची वेळ. इस्रायलची आज रात्री मागे जाणार आहेत. दरवर्षी एखाद्या दिवसाचा फरक पडतोच.

साबरी : पडतोच. आणि दरवर्षी गावातला एखादा गाढव त्या दिवशी फाटकाबाहेर राहतो. म्हणजे आत्ता त्यांच्याकडे पावणेसात वाजले. फाटक त्यांच्या सहाला उघडलं आणि साडेसहाला बंद झालं.

वहीद : हो.

साबरी : थांब. माझं हे मनगटावरचं घड्याळ. कुंपण झालं तेव्हापासून बावीस वर्षं मी हे फाटकाच्या वेळेवर ठेवलंय. घरात काहीही वाजू दे, रेडिओवर काहीही सांगू देत. यातही पावणेसहाच वाजलेत. ते कसे?

वहीद : बाबा...

साबरी : मी विचारतोय.

वहीद : काल निजण्याआधी घरातली सगळी घड्याळं लावली मी. भिंतीवरचं, स्वयंपाकघरातलं. तुमचं उशाशी होतं. तेही लावलं.

साबरी : माझं घड्याळ तू मागे केलंस.

वहीद : चुकलं माझं. डोक्यातच आलं नाही. एका घरात दोन राज्यांची वेळ नको, एवढंच वाटलं मला.

साबरी : वा, मास्तर! इंग्लंडनं आपल्या देशाला मान्यता दिली, फ्रान्सनं दिली, कॅनडानं दिली. एकट्या फाटकाला कळवायचं राहून गेलं. पाठव एखादं पत्र. म्हणावं, मान्यता पोचली, मजकूर वाचला, आता तेवढी किल्ली पाठवा.

वहीद : चेष्टा करा. तुमचा हक्कच आहे आज.

साबरी : चेष्टा नाही करत मी, माझं काळीज जळतंय! परवाना तीन दिवसांचा. पहिले दोन दिवस आलेच नाहीत उघडायला. आज शेवटचा. गेली दोन वर्षं युद्धामुळे आपल्याला एकदाही आत सोडलं नाही. झाडांखाली कमरेएवढं गवत माजलं असेल. हे तिसरं वर्ष. तिसरं वर्षही कोरडं गेलं तर पडीक म्हणून लिहून घेतील आणि जमीन गेली. ऑलिव्हची चौदा झाडं आहेत तिकडे, वहीद. माझ्या आजोबांच्या हातची. आज त्यांची फळं उतरली पाहिजेत, खालची जमीन साफ दिसली पाहिजे. आज.

वहीद : माहीत आहे मला.

साबरी : माहीत आहे आणि तरी माझ्या उशाशी हात घातलास.

वहीद : तुम्हाला मी मूर्ख वाटतो. एका मान्यतेनं सगळं बदललं असं मला वाटतं, असं तुम्हाला वाटतं. नाही वाटत, बाबा. गाझात दोन वर्षं माणसं मेली तेव्हा कुठे त्यांना आपली आठवण झाली, हे मलाही कळतं. पण सात वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवतोय. पोरं विचारतात, सर, आपण कुठल्या देशाचे? मी फळ्यावर काहीतरी लिहीत लिहीत उत्तर द्यायचो, त्यांच्याकडे पाठ करून. गेल्या महिन्यात पहिल्यांदा वर्गाकडे तोंड करून दिलं. तुम्हाला नसेल वाटत त्याचं काही. मला वाटतं.

साबरी : आणि शांतता? तीपण शिकवतोस?

वहीद : पुस्तकात आहे धडा.

साबरी : काय लिहिलंय त्यात?

वहीद : राहू द्या.

साबरी : मी सांगतो. घड्याळ न बघता घरातून निघायचं, माझ्या झाडाखाली जाऊन बसायचं, तिथेच काड्या पेटवून चहा करायचा. कुणी विचारायचं नाही, कोण तू, कागद दाखव. झाली शांतता. माझी मागणी एवढीच आहे. ती कुणाच्या भाषणात येत नाही.

वहीद : बाबा, ते बघा. आतल्या वाटेवर कोणीतरी येतंय.

(कुंपणापलीकडच्या वाटेवरून एक साठीची बाई, शेजारच्या नाएफची आई, गाढव हाकत येते. मागे तिच्या दोन सुना, डोक्यावर ताडपत्र्या.)

वहीद : उम्म नाएफ आहे. चाची! ओ चाची!

साबरी : हाक मारू नकोस तिला.

वहीद : का नको? त्यांची झाडं आपल्याला लागूनच आहेत.

साबरी : म्हणूनच नको. नऊ वर्षं बोललो नाही आम्ही.

वहीद : चाची! इकडे! फाटकापाशी!

उम्म नाएफ : कोण? मास्तर? अरे, बाहेर काय करतोस? आज तुमचा शेवटचा दिवस ना?

वहीद : फाटक चुकलं, चाची. घड्याळाचा घोटाळा झाला.

उम्म नाएफ : आपल्या सरकारची वेळ धरलीस वाटतं. अरे देवा! मी विधवा बाई, मला एवढी चैन परवडत नाही. फाटक उघडतं ती माझी वेळ. आणि तो तुझ्यामागे तोंड फिरवून कोण उभा आहे? अबू वहीदच ना?

वहीद : हो. बाबा आहेत.

उम्म नाएफ : त्याला सांग, मी चावत नाही. मध्ये दोन तारा आहेत.

वहीद : चाची, एक मागायचं होतं. रागावू नका. आमची झाडं आज उतरली नाहीत तर जमीन जाईल. तुम्ही तिघी आत आहात. तुमचं आटपलं की आमच्या झाडांना हात लावाल? निम्मं तेल तुमचं.

साबरी : वहीद! कुणाच्या दारात हात पसरायला सांगितलं तुला?

उम्म नाएफ : अरे, बोलतोय की! मला वाटलं त्याची जीभही कुंपणाच्या रस्त्यात गेली. हे बघ मास्तर, हंगामात एकमेकांच्या झाडाला हात लावायचा, ही या गावची रीत आहे. त्याला मोल नसतं. तुझ्या आजीनं माझ्या सासूची झाडं उतरवलीत, माझ्या सासूनं तुमची. निम्म्या तेलाची गोष्ट करून मला मजूर करू नकोस. पण ज्याच्या झाडाखाली जायचं तो माझ्याशी नऊ वर्षं बोलला नाही. त्याची झाडं मी कशी उतरवू? तो म्हणेल, हीच चोरायला आली होती.

वहीद : नाही म्हणणार.

उम्म नाएफ : म्हणालाय. पंचांसमोर म्हणालाय. बांधावरचं झाड माझं आहे आणि नाएफची आई त्याची फळं पळवते, असं. तू शहरात होतास तेव्हा, कॉलेजात. वडीलधाऱ्यांनी समेटाला बसवलं दोघांना. माझा नवरा पुढे झाला, स्वतःच्या हातानं कॉफी ओतली आणि तुझ्या बापापुढे ठेवली. ती घेतली की भांडण मिटलं. यानं पेल्याला हात लावला नाही. सगळं गाव बघत बसलं होतं. कॉफी गार झाली. अबू नाएफनं तो पेला उचलून घरी आणला आणि मला म्हणाला, झाडाचं जाऊ दे, पण साबरीनं माझी कॉफी सोडली. त्याच हिवाळ्यात गेला तो.

साबरी : मी आलो होतो. दुखवट्याचे तिन्ही दिवस आलो होतो.

उम्म नाएफ : आलास. भिंतीशी बसलास आणि उठून गेलास.

साबरी : काय बोलणार होतो मी?

उम्म नाएफ : जे आज बोलायचं आहे तेच. सांग, ते झाड कुणाचं?

वहीद : बाबा...

साबरी : तू मध्ये पडू नकोस. नुसत्या बोलण्यानं काय होणार आहे, उम्म नाएफ? झाड आत आहे, तू झाडापाशी आहेस. फळं दर हंगामाला तूच काढतेस. मी कधी आडवा आलो का?

उम्म नाएफ : काढते. चोरट्यासारखी काढते. माझ्या नवऱ्याच्या हातचं झाड, आणि त्याच्या फांदीला हात लावताना मी मागे वळून बघते. ही दोन वर्षं तुला आत सोडलं नाही, तू इथे नव्हतास, तरी बघत होते. घरात त्याचं तेल वेगळ्या डब्यात ठेवते. पाहुण्याला वाढत नाही. तुला काही होत नसेल रे नुसत्या बोलण्यानं. मला होतं.

वहीद : बाबा, बोला काहीतरी. ऊन वर येतंय.

साबरी : ज्या वर्षी आखातात युद्ध झालं, आठवतं? चाळीस दिवस संचारबंदी. ती उठली त्या सकाळी तुझा नवरा माझ्या दारात आला. हातात हे एवढं रोप. म्हणाला, साबरी, चल, घरात बसून मेलो असतो. मी पाण्याचा डबा घेतला. खड्डा त्यानं खणला, पाणी मी घातलं. बांधाच्या तुमच्या अंगाला, चांगलं तीन हात आत. मी नव्हतो का तिथे? मला नव्हतं का माहीत?

उम्म नाएफ : मग? मग का रे?

साबरी : कुंपणाचा रस्ता काढला तेव्हा माझी अकरा झाडं गेली. तुमचं एक गेलं नाही. यंत्र माझ्याकडून आलं आणि तुमच्या बांधाशी येऊन वळलं. तुझ्या नवऱ्याचा त्यात काय दोष? काही नाही. पण ज्यांनी उपटली त्यांच्यावर ओरडून उपयोग नव्हता. ओरडायला तोच जवळ होता. दरवर्षी त्याचं झाड वाढताना दिसायचं आणि मला माझी अकरा आठवायची. एक दिवस तोंडातून निघून गेलं, हे माझं आहे. मग मागे घेता आलं नाही. कॉफी समोर होती तेव्हाही हात उचलला होता मी. खरं सांगतो. उचलला होता आणि सगळे बघतायत म्हणून परत मांडीवर ठेवला.

उम्म नाएफ : त्याला सांगायचं होतंस हे.

साबरी : हो. त्याला सांगायला हवं होतं.

उम्म नाएफ : मला सांगून भागणार नाही आता. माझ्या सुना आहेत इथे, तुझा मुलगा आहे. उद्या मी नसेन, तू नसशील. यांनी काय ऐकलं ते राहील. नीट म्हण. मोठ्यानं म्हण.

साबरी : झाड अबू नाएफचं आहे. त्यानं लावलं. आता ते तुझं, तुझ्यामागे नाएफचं. माझं त्यावर काही नाही. कधीच नव्हतं. वहीद, ऐकलंस?

वहीद : ऐकलं, बाबा.

साबरी : पोरींनो, तुम्ही ऐकलंत?

उम्म नाएफ : ऐकलंय त्यांनी. रडायला लागल्यात दोघी. तूही पूस डोळे. मोठ्यानं म्हण म्हटलं होतं, रडत म्हण असं नव्हतं म्हटलं.

साबरी : ऊन लागतंय डोळ्यांवर.

उम्म नाएफ : लागत असेल. चला गं, ताडपत्र्या उचला. मास्तर, गवत काढायला विळे आहेत आमच्याकडे. फोटो काढून ठेवीन प्रत्येक झाडाचा. फळं उतरलेली आणि खालची जमीन मोकळी, दोन्ही दिसतील असे. चौदा झाडं तिघींनी एका दिवसात होतील असा शब्द देत नाही. जेवढी होतील तेवढी होतील. एकही पडीक म्हणून कुणी लिहू शकणार नाही एवढं बघते.

वहीद : चाची, तुमची स्वतःची राहतील.

उम्म नाएफ : माझा परवाना उद्याचाही आहे. तुमचा आजच संपतोय. अबू वहीद, तुझी झाडं तुला माहीत. ज्याच्या फांद्या वाकल्यात, ज्याचं गळायला लागलं असेल, ते सांग. सुरुवात कुठून करू?

साबरी : बांधापासून कर. आधी तुझं झाड उतरव, मग माझ्याकडे ये.