ओला गिलावा

घानातल्या बोल्गाटांगाच्या स्टँडवरची उतारूंची लॉरी भरल्याशिवाय सुटत नाही आणि माणसाला कान काही मिटता येत नाहीत. आसिबी लॉरीत बसून मुकाट शेंगा सोलत होती. मागच्या बाकावर एक बहीण-भाऊ बसले होते.

"दादा, ही लॉरी दवाखान्याकडे जात नाही."

"पाद्रीबुवांच्या छावणीकडे जाते, प्रार्थनेनं बरं करतात तिथं. गप बस, अविनपोका."

"तिथं साखळीनं बांधतात. पायावरचा वळ अजून गेला नाही माझ्या."

"मग करू काय मी? काल सकाळपासून दगडानं भिंत घासत बसलीस. हाका मारून घसा बसला माझा. मागच्या खेपेला तुझा आजार असाच सुरू झाला होता."

"तेव्हा कोरडी भिंत घासत होते. कालचा गिलावा ओला होता. वाळायच्या आत घोटला नाही तर रंग धरत नाही."

"मला शिकवू नकोस."

"तुला कुठून ठाऊक असणार? भिंती रंगवणं आम्हा बायकांचं काम. आईनं शिकवलंय मला."

"गोळ्या घेतेस?"

"रोज. चुकली की आवाज येतात, मग भिंतीवरच्या अजगराच्या नक्षीची रेघ वाकडी जाते. मला ती सरळ हवीय."

"भिंत झाली?"

"अर्धीच. तू दगड हिसकावलास ना. आता उखडून पुन्हा लिंपायची."

लॉरी भरेपर्यंत भाऊ पिशवीतला तो दगड हातात फिरवत राहिला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"अहो, थांबा!" भाऊ ओरडला. "आम्हाला उतरायचंय."

आसिबीनं पाय आखडून वाट दिली.

"धर तुझा दगड. पण मी हाक मारली की ओ देत जा."

"ओ."