गुरूचा रिमोट

सोमवारचं मौन असल्यामुळे समुद्रपूरच्या एसटीत सुलोचनाबाई मुकाट्याने जप करत होत्या. पुढच्या बाकावर एक वयस्क जोडपं होतं. त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं, रिमोटवर उडणारं विमान आणि त्याचे दोन रिमोट होते.

“आज गुरूचा रिमोट मले देजो, वेणू.”

“नाई देत. हात थरथर कापते तुमचा.”

“अवं, इतकी वर्षं विमानं उडवली मी, अन् आता शिकाऊचा रिमोट धरू?”

“उडवा ना तुमीच! मी गुरूच्या रिमोटचा खटका दाबून ठेवते, तवर विमान तुमचंच आयकते. हात कापला का खटका सोडीन, मंग विमान माहं.”

“मागच्या खेपी सोडला होता?”

“नाई बाप्पा! तुमीच तं उतरवलं, फुलावानी.”

“उतरतानी माह्या रिमोटची कांडी उजवीकडं गेलती, वेणू. विमान डावीकडं वळलं.”

सुलोचनाबाईंचं बोट मण्यावरच थांबलं.

“मंग तवाच बोलले काऊन नाई?”

“मैदानातले सारे माह्यासाठी टाळ्या वाजवून राह्यलते, अन् तू बी.”

“आता रागावले का?”

“नाई. गुरूचा रिमोट तुह्याजवळच राहू दे. आज सगळ्यायसमोर तूच उतरव, टाळ्या मी वाजवतो.”