भोंगा नसलेलं जहाज

...नाही नाही, चांगलं होतं हेच तर माझं दुखणं आहे! सगळं चांगलं होतं! आता तुम्हीच सांगा, माणूस उन्हाळ्याची सुट्टी घेतो, आठवडाभर जहाजावर राहून येतो, बाजारातली मंडळी भोवती गोळा होतात, 'काय मग, कशी झाली ट्रिप?' म्हणतात, तेव्हा त्यांना काय ऐकायचं असतं? चहा गार होता, खोलीत झुरळ निघालं, शेजारचा घोरत होता आणि बॅग भलत्याच बंदरावर उतरली! आमचे साडू मागे एकदा त्या अजस्र जहाजावर जाऊन आले, ते ज्याच्यावर घसरगुंड्या आणि थिएटरं असतात ते, तर तो माणूस अजून त्याच्यावर जेवतोय! लोक मुद्दाम घरी बोलावतात त्याला, 'ते नाश्त्याच्या रांगेतल्या भांडणाचं सांगा ना' म्हणून! आणि मी? मी तोंड उघडतो आणि म्हणतो, 'छान होतं.' झालं! लोक घड्याळ बघायला लागतात! तुम्हाला सांगतो, नावं ठेवायला जागाच ठेवली नाही हो त्या लोकांनी!

आता मी कोण ते सांगितल्याशिवाय तुम्हाला माझी अडचण कळायची नाही. मी फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारतो. पहाटेपासून! पेट्यांच्या थप्पीवर उभा राहतो आणि 'बोला बोला बोला, एक वाऽऽर, दोन वाऽऽर...' हा माझा धंदा. माइक लागत नाही मला. एकदा बाजार समितीनं आणून दिला होता, तो मीच परत केला, म्हटलं ह्यानं माझा आवाज दबतो! आणि आमची ही? ही वीज कंपनीच्या तक्रार विभागात. कानाला ते हेडफोन लावून बसायचं आणि लोकांच्या शिव्या ऐकायच्या. कुणाची वीज गेली, ओरड हिच्या कानात. कुणाचं बिल जास्त आलं, ओरड हिच्या कानात. आणि ही शांतपणे, 'आपली गैरसोय झाली, क्षमा करा' म्हणणार... संध्याकाळी ती घरी येते तर दारात कोण? मी! 'अगं, आज काय झालं माहितीये का!' त्याच आवाजात, हो! दुसरा आवाज मला देवानं दिलेलाच नाही!

तर ह्या उन्हाळ्यात हिनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, मला एक आठवडा आवाज नकोय." मी म्हटलं, "कसला आवाज?" म्हणाली, "हाच." मग पुढे म्हणाली, अगदी शांतपणे, ती नेहमी शांतपणेच बोलते, त्यामुळे जास्त लागतं, "मी एक लहानसं, शांत जहाज शोधणार आहे. तुम्ही यायचं तर या. पण तिथे जर लिलाव पुकारलात ना, तर ह्यापुढे दर उन्हाळ्यात मी ताईबरोबर जाईन आणि तुम्ही घरी राहा. कायमचं." आता ही धमकी देणाऱ्यातली नाही! ही जे बोलते ते करते! मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात आम्ही दोघंच, त्यात ही ताईबरोबर जायला लागली तर मी उन्हाळाभर बोलायचं कुणाशी? भिंतीशी?

बरं, जहाज निवडलं कसं ते ऐका! मी ट्रॅव्हल एजंटकडे गेलो, टेबलावर रंगीत पुस्तकांचा ढीग, एजंट म्हणतोय, 'साहेब, ह्यात रोज नाच, ह्यात पाण्याच्या घसरगुंड्या, ह्यात दिवसातून सात वेळा खाणं!' मी म्हटलं, घ्या! तर ही मागून म्हणते, "जहाजावर भोंगा आहे का?" एजंट गोंधळला. "म्हणजे, मॅडम?" "सकाळी भोंग्यावरून सांगतात ना, आता नाश्ता, आता व्यायाम, आता डावीकडे बघा. तसं काही आहे का?" एजंटाच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आजवर कुणी त्याला हे विचारलेलं नाही. हिनं पुस्तकं मिटली, घरी आली आणि फोन घेऊन बसली! एकेका कंपनीला फोन! एकीनं 'एक दाबा, दोन दाबा' सुरू केलं, हिनं ठेवून दिला. दुसरीनं गाणं लावलं, ठेवून दिला. तिसरीनं तर 'अभिनंदन!' अशीच सुरुवात केली, तिचा तर अर्ध्यातच तोडला. मी म्हटलं, अगं, चौकशी तरी कर! म्हणाली, "तीच करतेय." शेवटी एका कंपनीच्या बाईनं फोन उचलला, 'बोला' म्हणाली, आणि थांबली. ही मुद्दाम बोलेना. ती बाईपण बोलेना! दोघी गप्प! मी शेजारी घामाघूम... किती वेळ गेला कोण जाणे, मग ती बाई हळूच म्हणाली, 'सावकाश बोला, घाई नाही.' हिनं फोनवर हात ठेवला, डोळे भरले होते हो हिचे! म्हणाली, "हेच जहाज." जन्मभर फोन उचलणाऱ्या बाईनं जहाज फोनवरून पारखलं, आणि तुम्हाला सांगतो, नावं ठेवायला जागाच नाही!

जहाज एवढंसं! साडूंच्या जहाजाची ही जीवरक्षक होडी वाटली असती. शंभरेक माणसं. गेलो तर रांग नाही. 'रांग कुठाय?' मी विचारलं, म्हटलं भांडायला तरी एक जागा असू द्या! तर एक जण आला, नाव न विचारता नावानं हाक मारली, हातात गार पाण्याचा पेला दिला, आणि आम्ही खोलीत! भोंगा अख्ख्या आठवड्यात एकदाच वाजणार होता, जीवरक्षक जॅकेटं घालायच्या सरावाचा, कायदाच आहे तसा, तर त्याच्या आधी प्रत्येक खोलीच्या दारावर माणूस येऊन माफी मागून गेला! 'थोडा आवाज होईल' म्हणाला. थोडा! आमच्या बाजारात एवढ्या आवाजात माणसं कुजबुजतात!

आणि पहिल्याच जेवणाला माझी फजिती. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त न्यायाधीश आणि त्यांच्या बाईसाहेब. न्यायाधीश माझ्याकडे वाकून, कानात गुपित सांगावं तसे म्हणाले, "समुद्र सुंदर आहे, नाही?" मी म्हटलं, "हो ना!" एवढंच हो! दोनच शब्द! पण माझ्या नेहमीच्या आवाजात... तीन टेबलांवरचे चमचे खाली पडले, न्यायाधीशांच्या बाईसाहेबांनी छातीला हात लावला आणि खिडकीबाहेरचे दोन पक्षी उडाले. हिनं फक्त माझ्याकडे बघितलं आणि पर्समधून मोबाईल काढून ताईचा फोटो न्याहाळायला लागली. मला घाम फुटला! त्या क्षणी ठरवलं, आता तोंड बंद. एकदम बंद. बोलायचंच नाही! मानेनं, हातानं, भुवयांनी काम चालवायचं.

आणि इथेच मी फसलो! कारण त्या जहाजावर हाका मारत नाहीत, घंटी नाही, काही नाही, तिथले वेटर तुमच्याकडे लांबून बघत असतात आणि तुम्ही जरा हललात की ओळखतात तुम्हाला काय हवंय. आमच्या टेबलाचा जो वेटर होता त्याचं मी नाव ठेवलं मांजर, कारण तो यायचा ते कळायचंच नाही, एकदम शेजारी असायचा! मी भुवई उचलली, सूप आलं. ते प्यायलो. भुवई परत उचलली, कारण चांगलं होतं! परत सूप! मी मान हलवली, नको म्हणून, तर त्यानं वरून मिरपूड घातली. मी कपाळ पुसलं, पंखा आला. कान खाजवला, न्यायाधीशांना जे दिलं होतं तो मासा आला! ही दबक्या आवाजात म्हणते, "अहो, किती खाताय!" मी हातानंच सांगतोय, मी खात नाहीये, येतंय! तर हात केला म्हणून ब्रेडची टोपली आली!

चौथ्या सुपाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, मी बोली लावतोय! आमच्या बाजारात असंच तर असतं! तो द्राक्षांचा जाडा व्यापारी नाक चोळतो, म्हणजे त्याचा भाव वाढला. कलिंगडवाला टोपी मागे सारतो, म्हणजे त्यानं माल घेतला. तोंडानं कुणी बोलत नाही, मीच ओरडतो, ते नुसते हलतात आणि मी ओळखतो. जन्मभर ज्या नजरेनं मी लोकांना माल गळ्यात मारला, त्या नजरेनं हा मांजर मला सूप पाजत होता! आणि काय नजर हो! काय नजर! मी तर म्हणतो त्याला उद्या आमच्या बाजारात उभा केला, तर आम्ही सगळे घरी बसू. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही हात मांडीखाली घालून जेवायला बसलो, भुवया घट्ट धरून ठेवल्या. तर त्यानं एवढंच केलं, माझी खुर्ची सावलीत सरकवली, उशी पाठीमागे ठेवली आणि गेला. पाठ दुखत होती माझी! आदल्या रात्री गादी जरा जास्तच मऊ वाटली होती, पण मी कुणाला अवाक्षर बोललो नव्हतो, आणि खोलीत जाऊन बघतो तर गादीसुद्धा बदललेली! तक्रार सुचायच्या आधी निवारण! मी हिला म्हटलं, म्हणजे मनातल्या मनात म्हटलं, तुझ्या वीज कंपनीत अशी माणसं असती तर तुझी नोकरी गेली असती बघ!

पण गंमत म्हणजे, गप्प बसायची मला सवय व्हायला लागली. हसू नका! पहिले दोन दिवस घसा नुसता खाजत होता, पहाटे आपोआप जाग यायची आणि ओठ 'एक वार' करायला लागायचे, मी उशी तोंडावर दाबायचो. पण मग ऐकू यायला लागलं. दोर कुरकुरतो ते. पाणी लाकडाला लागतं ते. कप खाली ठेवताना वाळूचा कण असला तर तोसुद्धा! आणि एका दुपारी डेकवर आम्ही बसलो होतो, ही वाचत होती, आणि मला गाणं ऐकू आलं. बारीक. इकडे बघतो, तिकडे बघतो... ही गुणगुणत होती हो! आमची ही! अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरीचं लग्न झालं, आणि ही गुणगुणते हे मला माहीतच नव्हतं! कसं माहीत असणार? मी बोलतच होतो ना सगळा वेळ! तुम्हाला खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं, दोन्ही एकदम. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो, म्हटलं थांबायला नको. मांजर लांब उभा होता, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही आणलं नाही. त्याला तेही कळलं!

तर शेवटची संध्याकाळ. मी मनात ठरवलेलं, पास! शंभर टक्के पास! पहिला दिवस सोडला तर आठवडाभर ओठ शिवलेले. दर उन्हाळ्याचं बुकिंग पक्कं! मी हिच्याकडे बघून भुवई उचलली, म्हणजे, काय निकाल? आणि हिला बघतो तर चेहरा उतरलेला!

"अहो," म्हणाली, "तुम्हाला काय होतंय ते आता तरी सांगाल का?"

मी म्हटलं, "कुठे काय होतंय?" त्या पहिल्या जेवणानंतरचं पहिलं वाक्य! घोगरं निघालं, त्यामुळे ही आणखीच घाबरली!

"मी आठवडाभर काळजीत आहे! तुम्ही ओरडत असता तेव्हा मला कळतं की तुम्ही बरे आहात, मग मी ऐकत नाही, आपलं काम करते. तुम्ही गप्प बसलात तर मला सारखं बघावं लागतं ना! रागावलेत का, छातीत दुखतंय का... पुस्तकाचं एक पान वाचायचं आणि एकदा तुमच्याकडे बघायचं. दोन ओळी गुणगुणत होते, त्यासुद्धा धीर यावा म्हणून! जहाजाचे डॉक्टर चहाला तुमच्या शेजारी येऊन बसले, ते काय उगीच? मीच पाठवलं होतं!"

घ्या! तो गोड बोलणारा गृहस्थ! माझ्या घड्याळाचं कौतुक करत केवढा वेळ मनगट धरून बसला होता! मला वाटलं, घड्याळाचा शौकीन दिसतोय! नाडी बघत होता माझी! बघा, डॉक्टरसुद्धा असा, की तपासलेलं कळू दिलं नाही. ह्याच्यात तरी नावं ठेवायला जागा ठेवायची होती ना!

मी घाबरत विचारलं, "म्हणजे पुढच्या वर्षी ताई?"

"ताई कशाला?" ही म्हणाली. "आपणच यायचं. ह्याच जहाजावर. पण तुम्ही बोलायचं." "बोलायचं?" "थोडं." "थोडं म्हणजे किती?" तर म्हणते, "तुम्ही आहात एवढं मला न बघता कळेल इतकं." आणि माझ्या दंडाला धरून उभी राहिली, किनारा दिसेपर्यंत सोडला नाही हात.

आता घरी सराव चालू आहे. मी बैठकीत बसून बोलतो, ही आतून सांगते. 'ऐकू नाही आलं!' मी जरा वाढवतो. 'शेजाऱ्यांना आलं!' मी कमी करतो. 'अहो, आहात ना?' त्या दोघांच्या मधला भाव काही मला सापडत नाही. पण तोही सापडेल एक दिवस, घसा आपलाच आहे. माझी खरी अडचण वेगळीच आहे! जन्मभरात मी दोनच प्रकारचं बोललोय, एक तर माल विकला, नाही तर नावं ठेवली. त्या जहाजावर विकायला काही नाही, आणि नावं ठेवायला त्या लोकांनी जागा ठेवलेली नाही. मग आठवडाभर मी ह्या बाईशी, हळू आवाजात, बोलू तरी काय? ...पण आता काय उपयोग. बुकिंग झालंय.