गोड्या पाण्याचं स्थळ

कौशल्या : नाव घेतलं नाही म्हनते! "माझी सख्खी मोठी बहीण" म्हटल्यावर नाव काय उरलं वं, माणके? मोठ्या बहिनी हायेत तरी किती तुले?

माणिक : ताई, हळू. अख्खी बस ऐकते आहे.

कौशल्या : ऐकू दे. दुपारी अख्ख्या हॉलनं ऐकलं, तवा माईक तुयाच हातात होता.

(अकोल्याहून अकोटकडे निघालेली एसटी. माणिकच्या मांडीवर कागदात गुंडाळलेलं सन्मानचिन्ह. खिडकीशी कौशल्या.)

माणिक : मी वाईट काय बोलले? फुलशेतीत नाव केलेल्या बायकांचा सत्कार होता. ते म्हणाले, तुमचा अनुभव सांगा. मी सांगितला.

कौशल्या : तुया कुठी सांगतला? माया सांगतला. "आम्ही दोघी एकाच आईच्या. मी शेवंतीचा मळा उभा केला, ती अजून दुसऱ्याच्या वावरात निंदणी करते. फरक फक्त जिद्दीचा." पाठ झालं मले. अन् मले तिसऱ्या रांगेत बसवलं, तुनंच देल्लेलं लुगडं नेसवून. बाजूच्या बाईनं इचारलं, तुमी कोन माणिकताईच्या? म्या म्हटलं, गाववाली हाय.

माणिक : असं काहून म्हटलं?

कौशल्या : आली का जिभेवर आपली बोली? माईकवर तं "कशामुळे, कशामुळे" करत होती. अन् रविवारी अमरावतीच्या कार्यक्रमात मले स्टेजवर उभी करनार हाय म्हने? थे संयोजक करिश्मा मॅडम जेवताना सांगत होती. काहून? लोकायनं डोयानं पाहावं म्हनून?

माणिक : मला वाटलं, तुलाही चार माणसांत यायला मिळेल. ताई, मी तुला नालायक नाही म्हणाले. पण खरं सांग, तू मनापासून प्रयत्न केलेस का? दोन वर्षांखाली मी टेम्पोनं शेवंतीची रोपं पाठवली होती. काय झालं त्यांचं?

कौशल्या : आज इचारून राहिली? आयक मंग. आमच्या प्रतीक्षाच्या बाबानं अन् म्या एका दिवसात लावली. आमच्या विहिरीचं पानी देल्लं. आठ दिवसांत पानाच्या कडा जळाल्या. पंधरा दिवसांत मातीवर पांढरी खपली आली, मिठावानी. मंग प्यायचं पानी देल्लं. हे सायकलीले डबे बांधून घरून वावरात नेत. आमचा नळ येते आठ दिवसांतून एक डाव. रोपं पेली, अन् आमी शेजारनीले मांगून पेलो. तरीबी मेली. एकूनएक.

माणिक : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

कौशल्या : सांगाले फोन केला होता. तू म्हटलं, "काळजी घेतली नसशील." म्या फोन ठेवला.

माणिक : मग बोअर तरी घ्यायचं.

कौशल्या : खारपानपट्टा हाय तो, माय! जितकं खोल जाशीन तितकं खारं. तुया हिवरखेडले डोंगरातून गोडं पानी येते, तुले काय मालूम? एकोनीस वर्षांत चारदा आली आमच्या घरी. चारही डाव पान्याची बाटली संगं.

माणिक : माझं पोट बिघडतं गं त्या पाण्यानं.

कौशल्या : तुयं पोट बिघडते, अन् रोपाचं नाही बिघडत?

माणिक : मीही कमी सोसलं नाही, ताई. अंधारात उठून तोडणी केली. सासूचे टोमणे खात अकोटच्या बाजारात हार विकले. फुकट नाही मिळालं काही.

कौशल्या : कोन म्हनते फुकट? तुया बोटाच्या भेगा पाह्यल्या हायेत म्या. माणिक बसून खाते, असं म्या कवाच म्हटलं नाही. तूच म्हनते माया बाबतीत. फरक म्हनते ना तू, थो इतकाच हाय.

माणिक : देवमन भाऊजी तर किती चांगला माणूस आहे.

कौशल्या : म्हनूनच जीव जळते. दारुड्या असता तं त्याच्यावर ढकललं असतं सारं. रोज वावरात राबते तो मानूस. आता कोनावर ढकलू? अन् हिवरखेडचं स्थळ कोनासाठी आलं होतं, हे सांगतलं का तू हॉलमंदी?

माणिक : काढलंस पुन्हा तेच.

कौशल्या : पुन्हा कुठी? एकोनीस वर्षांत पयल्यांदा बोलून राहिली. पाहाले आले होते मले. पोहे म्या केले. तू नुसती पान्याचे गिलास घेऊन आली. तुया सासऱ्यानं, किसनरावनं, बाबाले इचारलं, लहानी देता का? तू गोरी होती. थे बी जिद्दीनं झाली का वं?

माणिक : मी अठराची होती, ताई. मले कोनं इचारलं?

कौशल्या : नाही इचारलं. मलेबी नाही. तुले गोडं पानी भेटलं, मले खारं. त्याच्यात माया गुन्हा नोता, अन् तुयी करामतबी नोती.

माणिक : इतकं मनात ठेवलंस?

कौशल्या : अजून हाय. मागच्या माघात तुया मळ्यावर गारा पडल्या ना?

माणिक : सारी शेवंती झोपली होती. तीन दिवस चूल पेटली नाही आमच्याकडे.

कौशल्या : त्या दिवशी म्या शिरा केला.

माणिक : काय?

कौशल्या : खबर आली अन् मले बरं वाटलं. ह्यायनं इचारलं, आज काय हाय? म्या म्हटलं, मन झालं. पोरीनं वाटी पुसून खाल्ली. मायी वाटी तशीच राहिली, तरी बरं वाटनं काही थांबेना.

माणिक : सख्खी बहीण ना तू माझी?

कौशल्या : व्हय. अन् दीड महिन्यात तू झेंडू लावला. विहीर भरलेली होती, सासरा पाठीशी होता. त्याले तू जिद्द म्हनते. हाय, जिद्दबी हाय. पन म्या पडली तं उठाले काय धरू?

माणिक : थांब. फोन लावू दे. ... हॅलो, करिश्मा मॅडम? माणिकताई बोलते. रविवारचं सांगायचं होतं. बहीण येणार नाही. नाही, तब्येत बरी आहे. तिची गोष्टही मी सांगणार नाही... पाण्याचं सांगते. मला गोडं मिळालं, तिला खारं... हो... हो, प्रेरणा पाहिजे, कळतं मला. पण मॅडम, हे रडगाणं नाही. ती माझ्यापेक्षा जास्त राबते... मग राहू द्या. दुसऱ्या कोणाला बोलवा. ठेवते.

कौशल्या : काय म्हने थे?

माणिक : दुसरीले बोलावतो म्हने. झालं तुया मनासारखं?

कौशल्या : थोडंसं.

माणिक : लय खराब हाय तू, ताई.

कौशल्या : हाय. सरक, माया फाटा येऊन राहिला.

माणिक : नाही म्हनून टाकलं, पन मन तिकडंच हाय माझं. समोर इतकी मानसं बसतात, गुपचूप आपलं आयकतात. लय बरं वाटते वं.

कौशल्या : मलेबी वाटलं असतं.