टेलेक्समधली मराठी

त्र्यंबक : आधी हे सांग, बाहेर लॉनवर ती घर विकण्याची पाटी कोणाची?

हेमचंद्र : माझीच. दुसऱ्याची पाटी मी माझ्या लॉनवर कशाला लावू देईन? तू जेव बे आधी. फ्लाइट सहाची, आत्ता दीड वाजतोय, आणि अर्विंगहून डॅलसचं एअरपोर्ट म्हणजे हाकेच्या अंतरावर. वरण घे अजून.

त्र्यंबक : मतलब, घर विकतोयस?

हेमचंद्र : विकलं. पाटीवर आडवी लाल पट्टी चिकटवली आहे, 'सोल्ड' म्हणून. तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, त्र्यंबक. तीस तारखेला किल्ली द्यायची.

त्र्यंबक : अरे पण या दिवसांत घर घेतलं कोणी? टॅक्सीवाला येताना दाखवत होता, हे घर रिकामं, ते घर रिकामं. तेल दहा डॉलरपर्यंत पडलं आणि तुमच्या टेक्ससचं कंबरडंच मोडलं, म्हणाला.

हेमचंद्र : एका डेंटिस्टने घेतलं. पडत्या भावात गेलं, पण गेलं. तेल पडो नाहीतर चढो, लोकांचे दात काही किडायचे थांबत नाहीत.

त्र्यंबक : पोळी मस्त झालीये हं. एकटा राहून एवढी मऊ पोळी?

हेमचंद्र : टॉर्टिया आहे ती. मेक्सिकन दुकानातली. अठ्ठावीस वर्षं मी तिला पोळी म्हणतोय, तिने अजून हरकत घेतलेली नाही. मसाला मात्र खरा. शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवर एक दुकान आहे, तिथून पोस्टाने मागवतो.

त्र्यंबक : लग्न केलं असतंस तर...

हेमचंद्र : तर दोघांनी टॉर्टिया खाल्ल्या असत्या. कामाचं बोल. माझा रिपोर्ट बोर्डाने वाचला?

त्र्यंबक : वाचला? यार, अध्यक्षांनी दोनदा वाचून घेतला! आजवर आपल्या सरकारी कंपनीचं धोरण काय होतं? रिकामी पिशवी घेऊन बाजारात जायचं आणि दुकानदार म्हणेल तो भाव मोजायचा. त्र्याहत्तरला तोंड पोळलं, एकोणऐंशीला पुन्हा पोळलं. आता शहाऐंशीला दुकानदारच रडकुंडीला आलाय. अमेरिकन कंपन्या बाहेरच्या देशांतल्या तेलविहिरी विकायला काढताहेत. मग म्हटलं, पिशवी नको, दुकानातच भागीदारी घ्या.

हेमचंद्र : आणि पहिलं दुकान माझं.

त्र्यंबक : तुझंच. तू आठ वर्षं घासलीस आफ्रिकेच्या समुद्रातल्या त्या तेलाच्या ब्लॉकवर. मार्चमध्ये तुझ्या अमेरिकन कंपनीने तुला नारळ दिला आणि जूनमध्ये तोच ब्लॉक विकायला काढला. त्या समुद्राच्या पोटात काय आहे, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

हेमचंद्र : ए, मी त्यांचं गुपित काही दिलेलं नाही. त्यांनी विकताना सगळ्यांना जी फाइल दिली, तीच वाचून लिहिलं. फक्त वाचायचं कुठे, ते मला ठाऊक होतं.

त्र्यंबक : तेच तर! सोळा टक्के हिस्सा घेतोय आम्ही. बोलणी पक्की झाली काल.

हेमचंद्र : आणि ते तेल मुंबईपर्यंत नेणार कसं? फार लांब पडेल. शिवाय ते मेणचट आहे, तुमच्या रिफायनऱ्यांना पचायचं नाही.

त्र्यंबक : न्यायचंच नाही ना! तिकडेच विकायचं आणि त्या पैशात आखातातलं घ्यायचं. जवळचं, आपल्याला पचणारं. आफ्रिकेतलं ते कागदावर आपलं, राहणार मात्र तिकडेच. दिल्लीत हे समजावता समजावता माझा घसा बसला. मंत्रालयातला एक सेक्रेटरी सारखा विचारत होता, आपलं आहे तर घरी का आणत नाही?

हेमचंद्र : चांगला प्रश्न आहे.

त्र्यंबक : आणायला परवडत नाही, हे उत्तर. बरं, आता खास गोष्ट. हे घे. तुझं पत्र. खुद्द अध्यक्षांची सही आहे.

हेमचंद्र : थांब, थांब. हात धुऊन येतो. असलं पत्र खरकट्या हाताने घ्यायचं नसतं. केव्हापासून वाट बघतोय मी या कागदाची.

(हेमचंद्र पत्र वाचतो. छपरावरून विमान जातं.)

हेमचंद्र : यात टायपिंगची मिस्टेक झालीये.

त्र्यंबक : कुठे?

हेमचंद्र : इथे. 'कामाचं ठिकाण, डॅलस'. दिल्ली पाहिजे ना?

त्र्यंबक : दिल्ली? नाही रे, बरोबर आहे. डॅलसला एका खोलीचं ऑफिस काढतोय आपण. तू आमचा प्रतिनिधी. कोण काय विकायला काढतंय, कशात दम आहे, कशात नाही, ते बघायचं आणि आम्हाला कळवायचं. ऑफिस छोटं, पण कंपनीचे बाहेरचे डोळे तूच.

हेमचंद्र : डॅलसला.

त्र्यंबक : हो. म्हणूनच मला कळेना, आता तर तुझं इथे पक्कं झालं आणि तू घर... हेमू? घर कशासाठी विकलंस तू?

हेमचंद्र : फ्रिजवर मॅग्नेटखाली एक कागद आहे. काढ आणि मोठ्याने वाच.

त्र्यंबक : हा माझा टेलेक्स, इंग्रजी अक्षरांत मराठी. 'हेमू, बोर्डाने होकार दिला. तुला इथेच घ्यायचं ठरलं. तयारी कर.' ... इथेच?

हेमचंद्र : आय, टी, एच, ई, सी, एच. इथेच. दिल्लीत बसलेला माणूस 'इथेच' म्हणतो, तेव्हा ते दिल्लीच असतं ना रे?

त्र्यंबक : पण मी तिथेच लिहिलं होतं! टी, आय, टी, एच! थांब, ऑफिस कॉपी आहे माझ्या फाइलमध्ये. हे बघ. माझं अक्षर आहे. 'तुला तिथेच घ्यायचं ठरलं.'

हेमचंद्र : दाखव. ... हो. तिथेच. एक टी गेला.

त्र्यंबक : आमचा टेलेक्सवाला गढवाली. त्याला मराठीचा गंध नाही. इंग्रजी असतं तर चूक त्याच्या ध्यानात तरी आली असती.

हेमचंद्र : मराठीत पाठवायची आयडिया कोणाची?

त्र्यंबक : माझीच. दुसऱ्या कंपन्यांना वास लागू नये म्हणून. केवढी हुशारी वाटली होती मला! पण यार, तू उत्तर काय दिलंस? 'मी आलो समज.' मला वाटलं, हो म्हणालास, आमच्यात आलास. बोर्डात मी छाती फुगवून सांगितलं, माणूस आला आपल्याकडे.

हेमचंद्र : मी खरोखरीच येत होतो.

त्र्यंबक : एक फोन तरी करायचास.

हेमचंद्र : फोनवर एक शब्द बोलू नकोस, हे कोणी बजावलं होतं?

त्र्यंबक : मीच. ... तयारी कर म्हणजे एखादी खोली बघून ठेव, असं होतं माझ्या मनात. चुकलं रे.

हेमचंद्र : मी तयारी केली. गराजमध्ये जाऊन बघ, चौतीस बॉक्स आहेत. कार शेजारच्या मुलीला दिली, ती जानेवारीत मिशिगनला, ॲन आर्बरला शिकायला जाणार आहे. आज तुला सोडायला तीच कार तिच्याकडून मागून घेतली आहे. आणि नागपूरला नंदाला कळवलं.

त्र्यंबक : नंदाला पण?

हेमचंद्र : तिलाच तर पहिलं. तिने माडीवरच्या खोलीला रंग दिला. कमोड बसवून घेतलाय, दादाला आता खाली बसवत नसेल म्हणून. अख्ख्या धरमपेठेत एकेकाला गाठून सांगत फिरतेय, आमचा दादा येतोय, दिल्लीला मोठ्या हुद्द्यावर.

त्र्यंबक : हेमू, राग नको मानू. आपण सत्तावन्न वर्षांचे. सरकार अठ्ठावन्नला घरी पाठवतं. सत्तावन्नाव्या वर्षी दिल्लीत नोकरीत कोण घेणार होतं तुला?

हेमचंद्र : तेवढा हिशेब मलाही येत होता. पहिल्या दिवशी मनात आलंच होतं. मग म्हटलं, सल्लागार म्हणून घेत असतील. काहीतरी खास ठराव केला असेल. त्र्यंबकने खटपट केली असेल. कागदावर इथेच लिहिलंय, मग आपण कशाला शंका काढायची? माणसाला जे हवं असतं ते वाचताना तो चष्मा पुसत नाही.

त्र्यंबक : मी अध्यक्षांशी बोलतो.

हेमचंद्र : काय बोलणार? एक टी गळला, तेवढ्यासाठी एक माणूस दिल्लीला मागवा? आणि खरं सांग. दिल्लीत तुम्हाला माझा उपयोग काय?

त्र्यंबक : खरं सांगू?

हेमचंद्र : आता खोटं कशाला?

त्र्यंबक : काही नाही. तिथे तुझ्यासारखे पंधरा जण खुर्च्या गरम करताहेत, मी त्यातलाच एक. तू इथे आहेस, इथल्या लोकांना ओळखतोस, म्हणून तू आम्हाला हवास. तिथे आलास की संपलं.

हेमचंद्र : म्हणजे आपला, पण घरी आणायला परवडत नाही.

त्र्यंबक : असं नको रे बोलू.

हेमचंद्र : तूच आत्ता समजावलंस. मला सेक्रेटरीपेक्षा लवकर समजलं, एवढंच.

त्र्यंबक : मग तसाच ये ना! मारो गोली नोकरीला. नंदाने खोली केलीये, तिथे राहा.

हेमचंद्र : चौऱ्याहत्तरला आलो होतो की महिनाभर. पहिले पंधरा दिवस रोज कोणाकडे तरी जेवायला. सोळाव्या दिवशी नंदाच्या मिस्टरांनी विचारलं, परतीचं तिकीट कन्फर्म आहे ना? सहजच हं. माणूस वाईट नाही. पण बघ, नोकरी असलेला भाऊ सणावाराला आला, तर त्याची रजा संपणार हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून सगळे म्हणतात, अजून दोन दिवस राहा. रिकाम्या माणसाला तसं कोणी म्हणत नाही. मला ते 'अजून दोन दिवस राहा' ऐकायचं होतं. दिल्लीहून रजा काढून यायचं होतं.

त्र्यंबक : इथे तुझं कोणीच नाही का? मराठी मंडळ वगैरे असेल ना?

हेमचंद्र : आहे. गणपतीला जातो. सगळे जोडप्याने येतात, मुलं इंग्रजीत भांडतात, बायका मला म्हणतात काका, घेऊन जा उरलेलं. मी घेऊन येतो. दोन दिवस पुरतं. त्र्यंबक, नोकरी होती तेव्हा निदान ऑफिसात बोलणं व्हायचं. मार्चपासून कधी कधी चार-चार दिवस तोंड उघडत नाही मी. एकदा गॅस स्टेशनवर थँक्यू म्हणायला गेलो तर आवाजच फुटेना. त्या पोरीला वाटलं, मला बरं नाही. मी फार एकटा पडलोय रे. हे मी आजवर कोणाला बोललो नव्हतो.

त्र्यंबक : मलाही कधी लिहिलं नाहीस.

हेमचंद्र : काय लिहिणार? तुझी पत्रं यायची, दोन पोरी, सून, नातू, गॅस संपला, कोणाची मुंज. मी तीन-तीनदा वाचायचो. उत्तर लिहायला बसलं की सुचायचं फक्त हवामान.

त्र्यंबक : मग काय करायचं आता? पत्र परत नेऊ?

हेमचंद्र : राहू दे. पेन दे इकडे.

त्र्यंबक : अरे, आज सही नको करूस. विचार कर. मी आठ दिवसांनी फोन करतो.

हेमचंद्र : आठ दिवस विचार करायला मला घर कुठे आहे? काम मिळतंय, ते करतो. काम चांगलं आहे, तुझी शपथ. भाव पडलाय तोवर अजून दोन ब्लॉक घ्या, मी सांगतो कुठले. डॅलसला एखादं अपार्टमेंट बघीन. ... घे. झाली सही.

त्र्यंबक : नंदाला मी भेटतो. मुंबईला उतरलो की आधी नागपूर. तिला माझ्या तोंडून कळू दे, चूक माझी आहे.

हेमचंद्र : चूक सांगू नकोस. सांग, दादाला तिकडे मोठं ऑफिस दिलं, सोडवत नाही म्हणाला. तिला चार घरी मिरवता येईल. आणि ती खोली भाड्याने देऊन टाक म्हणावं.

त्र्यंबक : ते मी सांगणार नाही.

हेमचंद्र : बरं, नको सांगूस. ... त्र्यंबक, यात लिहिलंय, दर महिन्याला रिपोर्ट पाठवायचा.

त्र्यंबक : दोन पानं पुरे. जास्त लिहिलंस तर कोणी वाचत नाही.

हेमचंद्र : बोर्डाला इंग्रजीत पाठवीन. आणि तुला एक मराठीत.

त्र्यंबक : मराठीत आता कशाला? सौदा झाला, लपवायचं काय राहिलं?

हेमचंद्र : काहीच नाही. त्यात तेलाचं काही नसलं तर चालेल ना?

त्र्यंबक : मग काय असेल?

हेमचंद्र : असंच. पत्र म्हटलं की हवामानच सुचतं, रिपोर्ट म्हटला की लिहवेल. आज काय जेवलो. कोण भेटलं, कोण नाही. तू दोन ओळी उत्तर टाकायचंस.

त्र्यंबक : हेमू, मी मार्चअखेर रिटायर होतोय. माझ्यानंतर त्या मजल्यावर मराठी वाचणारं कोणी नाही.

हेमचंद्र : मार्च. म्हणजे सहा महिने.

त्र्यंबक : सहाच.

हेमचंद्र : चालतील. सहा तर सहा.