मधला बंद पडला की

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी फुलंब्रीच्या मायलेकी बसल्या होत्या. माय औषध घातलेले डोळे मिटून बोलत होती.

"मेघा, तुझं कंपनीतलं मशीन चाललं का गं?"

"चाललं, माय. त्याच्यात दोन प्रोसेसर हायेत. एक गरमी मोजतो, दुसरा मोटार फिरवतो. त्यांचे निरोप मधल्या तिसऱ्याकडून जायचे. तो अडकला की दोघंबी गप बसायचे."

"आपल्या घरावानीच. बांधावरून भांडल्यापासून तुझा बाप आन कडुबाकाका बोलत नायत. सगळे निरोप माझ्याकडून. मग काय केलंस?"

"मधला बंद पडला की निरोप थेट जाईल, असं केलं. दोघांच्या मधी वायर पहिल्यापासून होतीच."

"होती? मग वापरत का नव्हते?"

"मधला चालू होता ना. गरजच पडली नाय."

"…फोन वाजतोय बघ. तुझ्या बापाचाच असंल."

"अण्णांचा हाय. स्पीकरवर टाकते."

"आगं, कडुबाला फोन लाव. टाकी लई वाहायला लागली, त्याच्याकडची मोटार बंद कर म्हणावं."

"भाऊजी भिंतीपलीकडंच हायेत. तुमीच हाक मारा."

"मी? मी कशी मारू?"

"मी आज बंद हाय."

"माय, अण्णांच्या चपला वाजतायत. ठेवू का फोन?"

"राहू दे."

"कडुबा! आरं ए कडुबा! मोटार बंद कर!"

फोनमधून दुसरा आवाज लांबून आला, "व्हय दादा, करतो!"

"माय, रडू नको ना. सगळं औषध वाहून चाललं."