कॉलर खाल्लेला कोट

गेलेल्या बायकोची शाल संग्रहालयाला द्यायला मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक आजी नवऱ्याचा लोकरी कोट घेऊन आल्या होत्या. तपासणाऱ्या बाईंनी तो भिंगाखाली धरला.

"आजी, कसर लागलीय. अळीने टाकलेली ही कात बघा."

"मेली! वर्षभर कपाट उघडलंसुद्धा नाही मी."

"म्हणून तर तिचं फावलं. घामट कॉलर आधी खाल्लीय. कोट धुतला नव्हता?"

"कसा धुवू? यांचा वास आहे त्याला."

"आता पिशवीत बांधून दोन आठवडे गोठवू. कीड मरेल, मग साफ करून मांडू."

"म्हणजे वास जाणार."

"जाणारच. पण असाच ठेवलात तर दोन वर्षांत कोटच उरायचा नाही."

"दोन वर्षं?"

"फार तर."

"मग द्या इकडे. मला पुरतील तेवढी."